चालत्या मशीनला घातलेला हार

"अहो कानडे, आत पाऊस पडतोय आणि तुम्ही मला बाजूला व्हा म्हणताय? बाजूला होऊन जाऊ कुठे? बाहेर ऊन आहे!"

हे ओरडणं दामले मॅडमचं. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत त्या अ‍ॅडमिनच्या प्रमुख होत्या. अ‍ॅडमिन म्हणजे खुर्च्या, चहा, झाडू, लिफ्ट, वीज, एसी आणि कुणाचाच नसलेला प्रत्येक दोष. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर बोलल्या तर तळमजल्यावरचा वॉचमन उठून उभा राहायचा. आणि पाऊस खरंच पडत होता. सर्व्हर रूमच्या छतातून दोन धारा लागल्या होत्या, एकाच वेळी, अगदी समान अंतरावर. पूजेच्या चौरंगावरचा प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ मी एका सर्व्हरच्या डोक्यावर धरून उभा होतो. दुसऱ्या सर्व्हरवर कंपनीतला एक इंजिनिअर केराची बादली घेऊन उभा होता. बिचारा मला म्हणाला, "सर, धिस इज नॉट माय जॉब." मी म्हटलं, "बाळा, माझाही नाही. माझं काम पाणी येऊ नये हे बघणं आहे."

तो दिवस खंडेनवमीचा होता. त्या दिवशी नक्की काय झालं, हे मी आजवर कुठेही पूर्ण लिहिलेलं नाही. पहिल्यांदा लिहिलं, ते खोटं होतं. म्हणजे शब्द सगळे खरे होते. ते पुढे येईलच.

आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं एसी थंडी तयार करतो. थंडी नावाची वस्तू जगात कुठेही तयार होत नाही. एसी फक्त हमाल आहे. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. ही हमाली करताना हवेतली वाफ थंड कॉइलवर येऊन बसते आणि तिचं पाणी होतं. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसंच. ते पाणी कॉइलखालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ट्रेच्या एका भोकातून, अंगठ्याएवढ्या ड्रेन पाइपने बाहेर जातं. झाला एसी. बाकी सगळं कंपन्यांनी माहितीपत्रकात भरलेलं असतं. पस्तीस वर्षं मी या धंद्यात काढली, त्यातली निदान वीस त्या अंगठ्याएवढ्या भोकासमोर डोकं खाली घालून गेली.

लोकांची दुसरी समजूत गॅसबद्दलची. काहीही बिघडलं की, "गॅस संपला असेल, भरून टाका." जणू स्कूटरच आहे. गॅस संपत नाही हो. तो आत फिरत असतो, फिरतच राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक पडलंय. सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांना मी हे तासभर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कळलं. भोक बुजवा आणि गॅसही भरा. संपला असेल."

आणि आमचं जे खरं काम, म्हणजे बिघडण्याआधी जाऊन सगळं धुऊन, पुसून, आवळून येणं, ते तर कुणाला पटतच नाही. डेक्कनवर एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या बंगल्यात दर चार महिन्यांनी जायचो. दर वेळी दारातच विचारायचे, "एसी नीट चालू आहे. तुम्ही आलात कशाला, बिघडवायला?" मी म्हणायचो, "नीट चालू राहावा म्हणून." त्यावर त्यांचं उत्तर, "तो राहतोच आहे. तुम्ही नसतानाही राहतो. मला तर वाटतं, तुम्ही नसतानाच जास्त राहतो." न बिघडलेल्या मशीनचं श्रेय कुणालाच मिळत नाही. "अहो कानडे, आज काहीच झालं नाही, फार आभारी आहोत," असा एक फोन पस्तीस वर्षांत आला असता तर मी दोन दिवस जेवलो नसतो.

मी हे काम शिकलो स्वारगेटच्या बाजूला एका बर्फाच्या कारखान्यात. तिथे शिवराम मिस्त्री होते. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, मूळचे पुरंदरकडचे. अमोनियाचा धडाडणारा कॉम्प्रेसर, बैलगाडीएवढा. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "तिसऱ्या वाल्व्हची स्प्रिंग बसलीया." उघडून बघावं तर तिसरीच. एकदा चेष्टा म्हणून मी बंद मशीनला त्यांचा कान लावायला लावला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "ह्याला तुजा कट्टाळा आलाय."

त्या काळात पुण्यात एसी इतके कमी होते की मी प्रत्येकाला नावानिशी ओळखायचो. दोन-चार थिएटरं, काही दवाखाने, बँकांच्या साहेबांच्या केबिनी. लक्ष्मी रोडवरच्या एका केबिनमधला एसी तर इतका ओळखीचा की मुलीच्या बारशाला त्याला बोलवायचं राहिलं, याची मला अजून खंत आहे. मग बाजार खुला झाला आणि पाचएक वर्षांत गावात काचेच्या इमारती अशा उगवायला लागल्या की जणू कुणी रात्रीतून बी टाकून गेलंय. खराडीला जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला ज्वारी आणि उजव्या हाताला काच. काचेच्या इमारतीला खिडकी उघडत नाही. म्हणजे आत बसलेला माणूस आमच्या भरवशावर श्वास घेतो. मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा. मिस्त्रींना वाटायचं, "खिडकीच ठिवायची हुती की."

बर्फाचा कारखाना बंद पडला आणि मी सर्व्हिसिंगच्या एका कंपनीत सुपरवायझर झालो. मिस्त्रींनाही तिथे आणलं. त्या दिवसापासून ते मला "सायेब" म्हणायला लागले. आदराने म्हणतात की खिजवायला, हे मी अजून शोधतोय.

मोठ्या कंपन्यांना ट्रेनिंग झालेला माणूस लागायचा. नुसतं काम येऊन भागत नव्हतं, काम येतं असा कागद लागायचा. म्हणून दर शनिवारी आमच्या स्वारगेटच्या वर्कशॉपमध्ये मी वर्ग घ्यायला लागलो. नऊ नियमांचा तक्ता तयार केला, स्वतःच्या अक्षरात, लाल शाईने. पहिला नियम असा: "हवा आत ओढणाऱ्या जाळीसमोर कधीही, काहीही ठेवू नये." दुसरा: "फिल्टर बसवल्याशिवाय मशीन चालू करू नये." मिस्त्री मागच्या बाकावर झोपायचे. मी मुद्दाम एखादं मशीन बिघडवून पोरांपुढे ठेवायचो. पोरं तासभर मीटर लावून बघायची. मग मिस्त्री डोळे न उघडता म्हणायचे, "कपॅसिटर गेलाय, पयल्यापास्नं वास येतोय." नंतर नंतर मी मशीन बिघडवायच्या आधी त्यांना बाहेर चहाला पाठवायला लागलो.

आता मुद्द्यावर येतो. मिस्त्रींचे गुडघे गेले होते. तीस वर्षं शिड्या चढून दुसरं काय होणार? त्यांना रोज आठ-दहा ठिकाणी, गच्चीवर, पोटमाळ्यावर चढावं लागायचं. खराडीच्या त्या कंपनीला एक कायमचा माणूस हवा होता. दिवसभर तिथेच बसायचं, दोन मशीनवर लक्ष ठेवायचं, लिफ्टने वर, लिफ्टने खाली. खुर्ची, टेबल, टेबलावर पंखा. मी दामले मॅडमना मिस्त्रींचं नाव सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, "इंग्रजी येत नाही ना त्यांना?" मी म्हटलं, "मशीनलाही येत नाही." त्या म्हणाल्या, "बरं. दसरा होऊ दे, मग सांगते." मिस्त्री बोलत नव्हते, पण त्यांनी खिशाला लावायला एक पेन विकत घेतलं होतं. त्यावरून मी काय ते ओळखलं.

खंडेनवमीला आमच्या धंद्यात हत्यारांची पूजा. पहाटे वर्कशॉपमध्ये पाने, पक्कड, मीटर, सिलिंडर सगळं धुऊन, हळद-कुंकू लावून मांडायचं. एकदा पूजेला बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मिस्त्री याबाबतीत कडक. एका खंडेनवमीला त्यांच्या घरचा नळ वाहत होता, तर त्यांनी तो रात्रभर वाहू दिला आणि शेजारी बसून राहिले.

त्या सकाळी हत्यारं मांडून आम्ही दोघं खराडीला गेलो, तिथल्या मशीनच्या पूजेला. मिस्त्रींचा आणखी एक रिवाज होता. पूजेआधी मशीनला आंघोळ. फिल्टर, म्हणजे जाळीमागच्या कचरा अडवणाऱ्या चाळण्या, हाताने निघतात, हत्यार लागत नाही. त्यांनी सर्व्हर रूमच्या दोन्ही मशीनचे फिल्टर काढले, धुतले आणि गच्चीवर वाळत घातले. मशीन अर्धा तास बंद. म्हणाले, "सायेब, फिल्टर वाळूद्यात. तवर सुरू करू नगा."

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

तेवढ्यात दामले मॅडम पूजेचं ताट घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर कंपनीचे मोठे साहेब, आणि परदेशातून आलेले त्यांचे ग्राहक, एक उंच पाहुणे. संध्याकाळी त्यांना कंपनीचं काम दाखवायचं होतं. ते आवडलं तर पुढची तीन वर्षं सगळ्यांना काम, नाही तर नाही. एक जण कॅमेरा घेऊन आला होता, नवा, फिल्म न लागणारा. खोली गरम व्हायला लागली होती. मोठे साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, "कानडे, मशीन बंद का आहे?"

आता माझा स्वभाव. चार माणसं बघायला लागली की माझ्या अंगात येतं. मी म्हटलं, "पूजा चालत्या मशीनची करायची असते साहेब. बंद मशीनची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला ओवाळणं." हे वाक्य मला तिथेच सुचलं होतं आणि फार आवडलं होतं. दोन्ही मशीन चालू केली. छतातल्या जाळ्या गुरगुरायला लागल्या. मी स्टुलावर चढलो, झेंडूचा एक घसघशीत हार पहिल्या जाळीला बांधला. मग वाटलं, एकीला हार आणि दुसरीला नाही, बरं दिसत नाही. दुसरीलाही बांधला. वर अक्षता टाकल्या. अक्षता खाली पडल्या नाहीत. जाळीने त्या अलगद वर ओढून घेतल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, यंत्राने प्रसाद स्वीकारला.

कॅमेरा चमकला. त्याच क्षणी दारातून आवाज आला, "सायेब, नको! फिल्टर अजून—"

मला ऐकू आलं होतं. हे मी इथे लिहून ठेवतो. ऐकू आलं होतं आणि मी म्हटलं, "होऊ द्या हो मिस्त्री."

अर्ध्या तासाने मिस्त्रींनी वाळलेले फिल्टर आणून बसवले. बसवताना हाराकडे बघत म्हणाले, "फुलं कमी झाली." मी म्हटलं, "फुलंच ती, सुकतात." ते म्हणाले, "सुकत्यात. कमी न्हाय हुत." आणि बसने वर्कशॉपला निघून गेले. मला कंपनीने कॅन्टीनमध्ये श्रीखंड-पुरीचं जेवण दिलं. जेवलो, जरा डोळा लागला, आणि चारच्या सुमाराला तो पाऊस सुरू झाला, जो तुम्ही वर पाहिला.

काय झालं असेल, हे आता तुम्हालाही कळलं असेल, कारण तुम्हाला धंदा मी आत्ताच शिकवलाय. मला तर पहिल्या थेंबालाच कळलं. झेंडूच्या पाकळ्या वर ओढल्या गेल्या, कॉइलला चिकटल्या, घसरून ट्रेमध्ये पडल्या. अक्षता पाण्यात फुगल्या. त्या अंगठ्याएवढ्या भोकापुढच्या पाइपात पाकळ्या आणि तांदूळ यांचं असं बूच बसलं की तसं कारागिराने मुद्दाम बसवलं नसतं.

"बंद करा मशीन!" दामले मॅडम म्हणाल्या.

"दोन्ही बंद केली तर तासाभरात खोली तापेल, सर्व्हर बंद पडतील," मी म्हटलं.

"आणि चालू ठेवली तर?"

"तर भिजून बंद पडतील."

"म्हणजे मला निवड आहे," मॅडम म्हणाल्या. "वा."

मी एक मशीन बंद केलं, दुसरं चालू ठेवलं, आणि मिस्त्रींना फोन लावला. फोनवर सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "हत्यारं पूजेला बसलीत."

"मिस्त्री, पाया पडतो."

"पडू नगा. येतो. पर हत्यार न्हाय आनणार."

रिक्षाने आले. अंगात सणाचे पांढरे कपडे, डोक्याला नवी टोपी, हात मोकळे. मॅडमनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. "हे काय करणार? आशीर्वाद देणार?"

मिस्त्रींनी शिडी मागवली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, गुडघा हाताने उचलून ठेवत वर गेले. त्या शिडीला नऊ पायऱ्या होत्या. त्या संध्याकाळी मी त्या नव्वद मोजल्या. खोट्या छताचा एक चौकोन बाजूला सारून त्यांनी ड्रेन पाइप शोधला. त्या पाइपला एक टोपण होतं. मशीन बसवताना मिस्त्रींनीच हट्टाने घालायला लावलं होतं, आणि तेही हाताने उघडेल असं. तेव्हा मी हसलो होतो की आमच्याकडे पाने नाहीत का. ते म्हणाले होते, "पाना आसंल तवा संकट यील कशावरनं?"

टोपण हाताने फिरवलं. पाइपला तोंड लावलं. आणि फुंकलं.

त्यांची छाती बर्फाच्या कारखान्यातली. पहिल्या फुंकेला काहीच झालं नाही. दुसऱ्या फुंकेला पाइप आतून ढेकर दिल्यासारखा बोलला. तिसऱ्या फुंकेला इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, पुरुषांच्या स्वच्छतागृहात, जिथे तो पाइप उघडतो, तिथून पाण्याच्या लोंढ्याबरोबर झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता बाहेर उडाल्या. असं म्हणतात की ते परदेशी पाहुणे त्याच वेळी तिथे हात धुत होते, आणि पायावर फुलं-तांदूळ पडलेले पाहून त्यांनी भिंतीला नमस्कार केला. मी पाहिलं नाही. मला सांगणाऱ्यानेही पाहिलं नव्हतं. पण ही गोष्ट खराडीच्या सगळ्या इमारतींत मी ऐकली आहे आणि दर वेळी पाहुणे वेगळ्या देशाचे होते.

दुसऱ्या मशीनचंही तसंच झालं. धारा थांबल्या. सर्व्हर चालू राहिले. मिस्त्री खाली उतरले तेव्हा त्यांच्या मिशीत एक अक्षता अडकली होती आणि पांढऱ्या शर्टावर छातीभर काळं पाणी. हत्याराला हात लावलेला नव्हता.

"काय अडकलं होतं?" मॅडमनी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "कचरा," म्हणाले.

"मला लेखी रिपोर्ट हवाय. कारण काय, जबाबदार कोण. आत्ता."

रिपोर्टचं पुस्तक माझ्या बॅगेत होतं. 'बिघाडाचे कारण' हा रकाना चार बोटं रुंद असतो. चार बोटांत माणूस काय काय लिहू शकतो, याचा मी त्या दिवशी अभ्यास केला. लिहिलं: "सर्व्हिसिंगच्या वेळी फिल्टर जागेवर नसल्याने बाहेरील कचरा ट्रेमध्ये गेला." सर्व्हिसिंग कुणी केलं? शिवराम मिस्त्री. खाली त्यांची सही लागते. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "फिल्-टर जा-गे-वर न-स-ल्या-ने." मग म्हणाले, "बराबर हाय. जागेवर नव्हतं." खिशातलं नवं पेन काढलं आणि सही केली. त्या पेनाने केलेली ती पहिलीच सही असावी. शाई नीट उतरत नव्हती.

मॅडमनी रिपोर्ट वाचला. "या माणसाला मी इथे कायमचा बसवणार होते? कानडे, उद्यापासून हे या इमारतीत नकोत. दुसरं कुणी पाठवा."

मी म्हटलं, "बरं." खराडीतल्या त्या इमारतीत मी उच्चारलेला हा सगळ्यात छोटा शब्द.

दसऱ्याच्या सकाळी वर्कशॉपमध्ये आपट्याची पानं वाटायची, हत्यारं उचलायची आणि कामाला लागायचं, असा रिवाज. मिस्त्रींनी माझ्या हातात पान दिलं. "सोनं घ्या सायेब." मीही दिलं. मग त्यांनी त्यांची पिशवी उचलली, त्यात पाने-पक्कड एकेक करून ठेवले आणि विचारलं, "मंग आता कुठली साइट? शिडीचीच का?" विचारताना त्यांनी डावा गुडघा चोळला. आरोप करायचा होता म्हणून नाही. दुखत होता म्हणून.

भिंतीवर माझा तक्ता होता. लाल शाईने, पहिला नियम. मी तक्त्याकडे पाठ केली तर समोर मिस्त्री. मिस्त्रींकडे पाठ केली तर तक्ता. शेवटी दोघांनाही सोडून खराडीला गेलो.

दामले मॅडम ऑफिसात होत्या. त्या कंपनीला दसरा नव्हता, सर्व्हरला सुट्टी नसते. मी आपट्याचं पान टेबलावर ठेवलं आणि सुरुवात केली. मी साधं काही सांगू शकत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बर्फाच्या कारखान्यापासून सुरू केलं. वाटेत मिस्त्रींचे गुडघे आले, टोपण आलं, हवेच्या प्रवाहाचं शास्त्र आलं, खंडेनवमीचं महत्त्व आलं. पाव तास झाला तरी मी स्टुलावर चढलेलो नव्हतो. मॅडम ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कानडे, हार कुणी बांधला?"

"मी."

"फिल्टर नसताना मशीन कुणी चालू केलं?"

"मी."

"मिस्त्रींनी अडवलं होतं?"

"हो."

"ऐकू आलं होतं?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "हो," म्हटलं.

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. कालचा फोटो होता. स्टुलावर मी, दोन्ही हात जाळीकडे, चेहऱ्यावर असं हसू की जणू मीच ती इमारत बांधली. आणि मागे दारात मिस्त्री, एक हात वर, तोंड उघडं. मी पुरेसं नीट बघावं म्हणून मॅडमनी तो मोठा केला.

"हा मला काल संध्याकाळीच आला. तुम्ही येता का, ते बघत होते."

मी टेबलावरचं आपट्याचं पान उगाच सरळ केलं.

"तुमच्या वर्गात पहिला नियम काय शिकवता हो?"

मी सांगितला.

"आणि दुसरा?"

तोही सांगितला.

"पाठ आहेत," मॅडम म्हणाल्या. "छान." मग त्यांनी रिपोर्टचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि नवं लिहून घेतलं. रकाना चार बोटांचाच होता. मावलं. "मिस्त्री उद्यापासून इथे बसतील. टेबलावर पंखा आहे. आणि तुमच्या साहेबांशी मी बोलते. तुम्ही माझ्या मशीनला पुन्हा हात लावायचा नाही. खरं तर कुणाच्याच लावू नका."

त्यांना बोलायचं ते त्या बोलल्या. आमच्या साहेबांनी ऐकायचं ते ऐकलं.

मिस्त्री त्या खुर्चीत नऊ वर्षं बसले. त्या नऊ वर्षांत तिथे काहीही झालं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल कुणालाच काही आठवत नाही. आमच्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. फक्त दामले मॅडम निवृत्त होताना शेवटच्या दिवशी मिस्त्रींच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, आजही काही झालं नाही. आभारी आहे." म्हणजे तो फोन, ज्याची मी पस्तीस वर्षं वाट पाहिली, तो आला, पण माझ्याकडे नाही. बरोबरच आहे.

शनिवारी मिस्त्रींना अर्धी सुट्टी असायची. ते वर्कशॉपला येऊन मागच्या बाकावर झोपायचे. मी नव्या तुकडीला हाराची गोष्ट सांगायचो. अर्थात नाव न घेता. "एका शहरात एक सुपरवायझर होता," अशी सुरुवात. हार दर वर्षी थोडा लांब होत गेला, छतातल्या दोन धारांच्या चार झाल्या, पाहुणे वाढले. नियम मात्र तेवढेच ठेवले.

एकदा पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, मग त्या सुपरवायझरचं काय झालं? काढून टाकलं?"

मी काही रचायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले,

"न्हाय. शिकवायला ठिवलं."